आगबोटीवरील बडोदे

बडोदे शहराला समुद्र नाही. विश्वामित्रीच्या काठी वसलेले हे नगर खंबायतच्या आखातापासून बरेच आत आहे. येथील मनुष्याला समुद्रातील एखादा मोठा जीव पाहण्याची इच्छा झालीच, तर त्याने सयाजीबागेतील संग्रहालयात जावे. १९४४ साली महीच्या मुखाशी सापडलेल्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा तेथे मांडून ठेवलेला आहे. जुन्या बडोदे संस्थानाला ओखामंडळ, कोडीनार, नवसारी असे समुद्राला लागून असलेले मुलूख होते आणि १९२६ साली संस्थानाने ओखा बंदरही उभारले, हे खरे. परंतु राजधानीच्या मनात समुद्र शिरला तो या बंदरांतून नव्हे. तो आला मुंबईच्या धक्क्यावरून, पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींवरून, आणि एका राजाच्या न शमणाऱ्या प्रवासवृत्तीतून.

महाराज सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. तेथून समुद्र किती दूर आहे हे नकाशा पाहणाऱ्याला सांगावयास नको. १८७५ साली ते दत्तक आले, १८८१ च्या डिसेंबरात त्यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले, आणि १८८७ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा सुवेझची वाट धरली. त्यानंतर १९३९ साली मुंबईत देह ठेवीपर्यंत त्यांनी वीसहून अधिक वेळा परदेशगमन केले. त्या काळच्या हिंदी मनुष्यांत, राजेरजवाड्यांतसुद्धा, इतक्या वेळा सागर ओलांडणारा दुसरा गृहस्थ दाखविणे कठीण आहे. त्यांच्या चरित्रकारांनी या प्रवासांचे फलित पुष्कळ वर्णिले आहे. प्रवास असा कसा होई, त्याला कोण आडवे येई आणि त्याचा भार कोण वाही, याकडे मात्र त्या मानाने थोडेच लक्ष गेले आहे.

मराठी माणूस विलायतेस प्रथम गेला तो यापूर्वी शंभर वर्षे. राघोबादादांनी आपली गाऱ्हाणी इंग्लंडातील राजकर्त्यांच्या कानी घालण्यासाठी हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि त्याच्यासोबत मणियार नावाचा पारशी गृहस्थ व त्याचा मुलगा यांना पाठविले. १७८१ साली ही मंडळी लंडनात होती. सोवळे पाळून स्वयंपाक करावयाचा कोठे, हा त्यांच्यापुढील राजकारणाहून बिकट प्रश्न होता. तो सोडविला एडमंड बर्क या विख्यात संसदपटूने. बीकन्सफील्ड येथील आपल्या बागेतील काचघर त्याने त्यांच्या चुलीसाठी मोकळे करून दिले. पुढे वॉरन हेस्टिंग्जवर आरोपपत्र ठेवताना ज्याची वाणी कडाडली, त्याच्या काचघरात एक महाराष्ट्रीय ब्राह्मण सोवळ्याने भात शिजवीत होता, हे चित्र मला फार आवडते. हणमंतरावाला परतल्यावर शुद्धीचे कठोर विधी करावे लागले. ही हकीकत बर्कनेच नंतर सांगितली म्हणून आपणांस कळली. पेशव्यांचे राजकारण बुडाले, चूल मात्र इतिहासात राहिली.

१८८७ पर्यंत काळ पालटला होता, पण किती? १८६९ साली सुवेझ कालवा खुला झाल्याने आफ्रिकेला वळसा घालण्याचे महिनोगणतीचे हाल संपले होते. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस गेल्या आणि त्याच साली पंडिता रमाबाईंनी इंग्लंडचा किनारा गाठला. म्हणजे दोन मराठी स्त्रिया बडोद्याच्या राजाच्या आधी समुद्र ओलांडून गेल्या होत्या, हे आपण पुरुषमंडळींनी विसरू नये. परंतु समुद्रगमन हे पाप की नव्हे, त्याला प्रायश्चित्त कोणते, या वादाने पुण्याची वर्तमानपत्रे अजून भरत होती. महाराजांनी निमित्त सांगितले ते प्रकृतीचे. निद्रानाशाने ते खरोखरच जर्जर झाले होते आणि डॉक्टरांनी हवापालटाचा सल्ला दिला होता. तथापि मला असे वाटते की, आजार हे त्या काळी सनातन्यांच्या आक्षेपाला उत्तम उत्तरही होते. धर्मशास्त्र आपद्धर्म मानते. आजारी राजाला बोटीत बसू नको असे म्हणण्याचे धैर्य शास्त्रीमंडळींतही थोडक्यांनाच असणार.

प्रवास पुन्हापुन्हा करणाऱ्याला त्याचे एक शास्त्र अवगत होते. पहिला नियम ऋतूचा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर अरबी समुद्रात मोसमी वारा घुसतो, आणि मुंबई ते एडनपर्यंतच्या त्या पाच-सहा दिवसांत बोट लागून प्रवासी अर्धमेला होतो. म्हणून जाणते लोक पावसाळ्यापूर्वीच निघत आणि दिवाळीच्या सुमारास किंवा हिवाळ्यात परतत. बोट लागलीच तर बंद खोलीत पडून न राहता जहाजाच्या मध्यभागी, जेथे हेलकावे सर्वांत कमी बसतात तेथे, उघड्या डेकवर आडवे व्हावे, लिंबू चोखावे आणि क्षितिजावर नजर ठेवावी, हा उपदेश घरोघर दिला जाई.

दुसरा नियम खोलीचा. तांबड्या समुद्रातून बोट उत्तरेकडे जाते तेव्हा दुपारचे कडक ऊन डाव्या अंगाला पडते; म्हणून हिंदुस्थानातून जाताना उजव्या बाजूची खोली मागावी आणि येताना डाव्या बाजूची. विद्युत्पंखेही नव्हते त्या दिवसांत हा फरक झोपेचा आणि जागरणाचा होता. इंग्रजी भाषेत थाटामाटाला 'पॉश' म्हणतात, तो शब्द याच नियमाच्या आद्याक्षरांतून निघाला असे पुष्कळ लोक सांगतात. त्याला कागदोपत्री पुरावा मात्र कोणालाही मिळालेला नाही. गंमत अशी की, साहेबाचा नियम आपल्या उलट आहे. त्याचे 'जाणे' म्हणजे हिंदुस्थानात येणे, आणि त्याचे 'येणे' म्हणजे येथून निघणे. ज्याचे घर ज्या किनाऱ्याला, त्याप्रमाणे डावे-उजवे ठरते.

तिसरा नियम सामानाचा. प्रवासात लागणाऱ्या पेट्यांवर एक चिठ्ठी आणि न लागणाऱ्यांवर दुसरी चिकटवावी लागे. दुसऱ्या प्रकारची पेटी एकदा तळघरात गेली की मुक्कामापर्यंत तिचे दर्शन नाही. नवख्या मनुष्याचे गरम कपडे हटकून तळघरात जात आणि तो भूमध्य समुद्रात कुडकुडत बसे. कोळसा भरण्याच्या बंदरी खिडक्या घट्ट लावून घ्याव्यात, नाहीतर काळी धूळ अंथरुणात शिरते. पश्चिमेस जाताना घड्याळ रोज थोडे मागे घ्यावे. आणि बिस्केच्या उपसागराचे तुफान टाळावयाचे असेल तर मार्सेल्सला उतरून आगगाडीने फ्रान्स ओलांडावे. मुंबईहून मार्सेल्स साधारण दोन आठवड्यांचे. जिब्राल्टरला वळसा घालून लंडनपर्यंत बोटीनेच जायचे तर आणखी एक आठवडा. एडनला नाण्यासाठी पाण्यात बुड्या मारणारी पोरे आणि पोर्ट सैदला डेकवर येऊन कोंबडीची पिले गायब करणारे जादूगार यांचे वर्णन केल्याशिवाय त्या काळचे एकही मराठी प्रवासवर्णन पुरे होत नसे.

राजाचा प्रवास अर्थातच एवढा सुटसुटीत नव्हता. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी जयपूरचे महाराज माधोसिंग निघाले तेव्हा त्यांनी 'ऑलिंपिया' ही अख्खी नवी आगबोट भाड्याने घेतली आणि चांदीच्या अजस्र घागरींतून गंगाजल बरोबर नेले. त्यांतील घागरी आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहावयास मिळतात. सयाजीरावांचा मार्ग वेगळा होता. त्यांनी समुद्राला सोवळे नेसविण्याचा खटाटोप केला नाही. प्रवासात पाहिलेले घरी काय आणावे, याची ते टिपणे करीत.

आणि ते आणीतही. १९०६ साली महाराणी चिमणाबाईंसह अमेरिका पाहिल्यावर तेथील सार्वजनिक ग्रंथालयांनी त्यांचे मन वेधले. १९१० साली विल्यम ॲलन्सन बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यास येऊन दाखल झाला आणि त्याने तीन वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या पुस्तकपेट्यांपर्यंतची घडी बसवून दिली. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा अमरेलीतील १८९३ चा प्रयोग त्याच १९०६ साली सर्व संस्थानाला लागू झाला. संग्रहालयाशेजारच्या चित्रशाळेची कथा तर पुरती समुद्राचीच आहे. इमारत १९१४ साली बांधून झाली, परंतु महायुद्ध पेटले आणि युरोपात खरेदी केलेली चित्रे समुद्रमार्गे आणणे धोक्याचे झाले. भिंती तयार आणि चित्रे परमुलखात, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहून चित्रशाळा १९२१ साली उघडली.

महाराजांच्या प्रवासाला शास्त्रीमंडळींहून अधिक जोराचा विरोध केला तो लॉर्ड कर्झनने. १९०० साली महाराज युरोपात असतानाच हिंदुस्थान सरकारने एक परिपत्रक काढून संस्थानिकांच्या वारंवार परदेशी जाण्याला कर्तव्यच्युतीचे स्वरूप दिले आणि सरकारच्या अनुमतीवाचून जाण्यास मज्जाव केला. रोख कोणाकडे होता हे न समजण्याइतके महाराज भोळे नव्हते. ते त्यांना झोंबले आणि त्यांनी निषेधही नोंदविला. आता, राजाने वर्षाचे कित्येक महिने प्रजेपासून दूर राहावे का, हा प्रश्न गैरलागू नव्हे. बडोद्याच्या प्रजेतही त्याबद्दल कुरकुर होती आणि खर्चाचा आकडाही लहान नव्हता. परंतु ती कुरकुर करण्याचा अधिकार बडोद्याच्या रयतेचा. विलायतेहून स्वतः बोटीत बसून आलेल्या व्हाइसरॉयचा नव्हे.

वकिली पेशामुळे या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते. परदेशी जाणे हा मनुष्याचा हक्क आहे की सरकारची मेहेरबानी, हा प्रश्न कर्झनबरोबर संपला नाही. स्वतंत्र भारतातही पासपोर्ट देणे न देणे ही दीर्घकाळ सरकारच्या मर्जीची बाब मानली जात होती. १९६७ साली सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की, परदेशगमनाचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत आहे. त्याच वर्षी पासपोर्टाचा कायदा झाला, आणि १९७८ साली मेनका गांधी यांच्या खटल्यात न्यायालयाने या हक्काला आणखी भक्कम पाया दिला. एका राजाला जे मिळविता आले नाही ते सामान्य नागरिकाला मिळाले. त्याला मध्ये सदुसष्ट वर्षे जावी लागली.

बोटीने बडोद्याला माणसेही दिली. १८९२ च्या ऑक्टोबरात 'रुमानिया' नावाची हिंदुस्थानकडे येणारी आगबोट पोर्तुगालच्या किनाऱ्यावर फुटून शंभराहून अधिक माणसे बुडाली. इंग्लंडात शिकत असलेला आपला मुलगा याच बोटीवर होता अशी चुकीची समजूत होऊन डॉ. कृष्णधन घोष यांनी त्या धक्क्याने प्राण सोडला. मुलगा दुसऱ्या बोटीने निघाला होता. 'कार्थेज' जहाजावरून १८९३ च्या फेब्रुवारीत तो मुंबईस सुखरूप उतरला आणि बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाला. महाराजांनी त्याला लंडनातच निवडले होते. तो मुलगा म्हणजे अरविंद घोष. तेरा वर्षे ते येथे राहिले, येथील कॉलेजात शिकविले आणि १९०६ साली बंगालला गेले.

दुसरा प्रवासी १९१३ च्या जून महिन्यात मुंबईहून न्यूयॉर्ककडे निघाला. दरमहा साडेअकरा पौंडांची बडोदे सरकारची तीन वर्षांची शिष्यवृत्ती आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार, एवढे त्याच्या खिशात होते. भीमराव आंबेडकर १९१७ च्या ऑगस्टमध्ये परतले तेव्हा युद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि जिवापाड जमविलेली पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडविली. सागरी वाहतुकीच्या कायद्यात राज्याच्या शत्रूच्या कृत्याने झालेल्या हानीची जबाबदारी वाहकावर पडत नाही. विमा असेल तेवढाच आधार. टॉमस कुक कंपनीकडून भरपाईचे सहाशे रुपये हाती आले आणि त्यांतूनच बडोद्यास येण्याचा खर्च भागला.

येथे जे घडले ते आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. चार वर्षांच्या परदेशवासात, आणि बोटीवरसुद्धा, आपण अस्पृश्य आहोत याची आठवण करून देणारे कोणी भेटले नव्हते; बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच उतरावे कोठे हा पहिला प्रश्न उभा राहिला. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी नाव पालटून आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. महाराजांच्या शिष्यवृत्तीने शिकलेला आणि महाराजांच्याच नोकरीत असलेला तो विद्वान त्या दिवशी कमाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वाट पाहत अश्रू ढाळीत बसून राहिला. राजाच्या हुकमाने संस्थानात शाळा निघाल्या, ग्रंथालये निघाली, पण एक खोली मिळाली नाही. सयाजीरावांचा गौरव करताना आम्ही बडोदेकर हे पान चटकन उलटतो. ते उलटू नये. सात समुद्र ओलांडणे त्या माणसाला साधले होते. राजधानीतील एक उंबरठा ओलांडणे आमच्या आजोबा-पणजोबांनी त्याला साधू दिले नाही. आता त्या बागेतील जागेला संकल्पभूमी म्हणतात आणि दर २३ सप्टेंबरला तेथे माणसांची रीघ लागते.

आतापर्यंत ज्यांची नावे आली ते सर्व बोटीत बसलेले. बोट चालविणाऱ्यांबद्दल बोलल्याशिवाय हा लेख पुरा करता येणार नाही, विशेषतः मराठी आणि कोंकणी वाचकांपुढे. पी. अँड ओ. सारख्या कंपन्यांच्या बोटींवर कामाची वाटणी ठरलेली असे. डेकवर सारंग आणि टांडेलाच्या हाताखाली रत्नागिरी-कुलाब्याकडील मुसलमान व गुजरात किनाऱ्यावरील खलाशी. भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण. आणि भटारखाना, जेवणघर व प्रवाशांच्या खोल्या यांत गोव्याचे तारवटी. महाराजांना सकाळचा चहा आणून देणारा, त्यांच्या जेवणाचे मेज मांडणारा बटलर बहुधा साष्टी किंवा बारदेशातला ख्रिस्ती गृहस्थ असणार. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात तो मुंबईत धोबी तलाव किंवा माझगावच्या कुडीत राही. गावोगावची एकेक कूड, तीत गावच्या संताची वेदी आणि भिंतीलगत ओळीने लावलेल्या पत्र्याच्या ट्रंका. पहिल्या वर्गाच्या मेजवानीचे वर्णन आपल्या प्रवासवर्णनांत पानोपानी आहे. ती रांधणाऱ्याचे नाव एखाद्या ओळीतही क्वचितच सापडते.

कायद्याने या माणसाचे मोल कसे ठरविले होते, तेही पाहण्यासारखे आहे. १८९४ च्या ब्रिटिश नौकानयन कायद्याप्रमाणे खलाशाला बोटीवर राहावयास दरमाणशी ७२ घनफूट जागा द्यावी लागे. हिंदुस्थानच्या कायद्यात हिंदी खलाशाला ३६ घनफूट पुरेशी मानली होती. एकाच बोटीवर, एकाच तळघरात, कातडीच्या रंगाप्रमाणे हवा अर्धी होत असे. वेतनही गोऱ्या खलाशाच्या एका लहानशा अंशाएवढेच.

२० मे १९२२ च्या संध्याकाळी पी. अँड ओ. ची 'ईजिप्त' ही आगबोट लंडनहून मुंबईकडे येत असताना फ्रान्सच्या उशाँ बेटाजवळ दाट धुक्यात 'सीन' या फ्रेंच मालबोटीशी टक्कर होऊन सुमारे वीस मिनिटांत बुडाली. बोटीवर ३३८ माणसे होती. त्यांत प्रवासी अवघे ४४. एकंदर ८६ माणसे दगावली आणि त्यांतील ७१ नोकरवर्गातील होती. तरी इंग्रजी वर्तमानपत्रांत बोभाटा झाला तो असा की, हिंदी आणि गोवेकर नोकरांनी घाबरून होड्या बळकावल्या. पुढे रीतसर चौकशी झाली. न्यायासनाने प्राणहानीचा दोष ठेवला तो कप्तान आणि मुख्य अधिकाऱ्याच्या माथी, कारण संकटकाळी माणसांना नीट हाताळण्याची व्यवस्था त्यांनी केली नव्हती. कप्तानाचे प्रमाणपत्र काही आठवड्यांसाठी काढून घेण्यात आले. होड्या कशा सोडायच्या याची कवाईत ज्याच्याकडून कधी धडपणे करून घेतली नाही, त्याने धुक्यात ती पार पाडली नाही म्हणून त्याला भेकड ठरविणे, याला कोणताही निःपक्षपाती न्यायाधीश मान डोलावणार नाही. बोटीच्या पोटात दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-रुपे होते. ते दहा वर्षांनी, १९३२ पासून, एका इटालियन जहाजाने समुद्राच्या तळातून वर काढले, आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी त्या पराक्रमाचे रकानेच्या रकाने छापले.

दुसऱ्या महायुद्धानंतरही काही वर्षे बोटी चालल्या. महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय १९४९ साली निघाल्यावर बडोद्याचे कित्येक पदवीधर अँकर लाइनच्या बोटीने लिव्हरपूलला किंवा लॉइड त्रिएस्तिनोच्या बोटीने इटलीला गेले. त्यांच्या ट्रंकांवरील रंगीत चिठ्ठ्या दांडिया बाजारातील माळ्यांवर अद्याप सापडतात. पुढे विमान स्वस्त झाले, १९६७ च्या युद्धात सुवेझ कालवा आठ वर्षांसाठी बंद पडला, आणि मुंबईहून विलायतेस जाणारी नियमित उतारू बोट इतिहासजमा झाली. आजकाल मुंबईहून जी भपकेबाज जहाजे सुटतात ती कोठे पोहोचण्यासाठी नसतात. त्यांच्यावर नोकरीस असलेले गोवेकर तारवटी मात्र आजही आहेत.

मुंबईत मशीद बंदर भागात इंडियन सेलर्स होम नावाची इमारत आहे. पहिल्या महायुद्धात बोटींबरोबर बुडालेल्या, समुद्राखेरीज दुसरी समाधी नसलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक तेथे आहे. कामानिमित्त मुंबईस जाणाऱ्या बडोदेकराने एखादा तास काढून ते पाहावे. मशीद स्थानकापासून ते पायी जाण्यासारखे आहे.